हिशोब लिहिता, पण शिल्लक जुळवता का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा की भांडुपला राहता, नोकरी लोअर परळला, पगार हातात ५८ हजार येतो, बायकोच्या ट्यूशनचे १२ हजाराच्या आसपास, मुलगा चौथीत, आणि २२-२३ तारखेला खातं उघडून बघावं तर काही उरलेलं नसतं. खर्च लिहायचं ॲप तीनदा टाकलंत, तीनदा काढलंत, वही केलीत तीही अर्धवट पडली. आणि आता विचारताय की चांगलं ॲप कुठलं.

ॲपचं नंतर बोलू. आधी हिशोब मध्येच बंद का पडतो ते बघू, कारण कुठलंही ॲप घेतलंत तरी तिथेच अडणार आहे. मी दादरला एका सीए फर्ममध्ये पंचवीसेक वर्षं अकाउंट्स बघतोय, दुकानदारांची, छोट्या वर्कशॉपवाल्यांची पुस्तकं लिहिली आणि त्याच ओळखीतून बऱ्याच घरांचे हिशोबही बसवून दिले. घर कुठलंही असो, हिशोब सुटतो तो एकाच जागी. लोक खर्च लिहितात, शिल्लक लिहीत नाहीत.

दुकानात रोजमेळ लिहायची पद्धत असायची, अजूनही काही ठिकाणी आहे. रात्री शटर ओढायच्या आधी गल्ला मोजायचा, सकाळची शिल्लक अधिक दिवसभरात आलेले वजा गेलेले, आणि येणारा आकडा गल्ल्याशी जुळला पाहिजे. नाही जुळला तर काहीतरी लिहायचं राहिलंय हे त्याच क्षणी कळतं, तिथेच डोकं खाजवून आठवायचं आणि लिहून टाकायचं. म्हणजे लिहिलेलं बरोबर आहे की नाही हे सांगायची सोय त्या पद्धतीतच केलेली होती. तुम्ही चहा १५, रिक्षा २६, भाजी १४० असं लिहीत गेलात, मग दोन दिवस घरी पाहुणे आले म्हणून राहून गेलं, आणि त्यानंतर महिन्याचा जो आकडा दिसतो तो खरा की खोटा हे कळायला काहीच मार्ग नाही. ज्या आकड्यावर आपलाच भरवसा नाही तो रोज लिहायला मन लागत नाही, त्यामुळे सोडून दिलंत यात तुमच्या आळसाचा काही भाग नाही, पद्धतच अपुरी होती.

तर करायचं काय, आठवड्यातून एक वेळ ठरवा. नोकरदारांना शनिवार रात्र बरी पडते, जेवण झाल्यावर वीस मिनिटं. त्या वेळी तुमच्याकडे जिथे जिथे पैसे आहेत तिथले आकडे एका ओळीत लिहायचे. बँक खातं, पाकिटातली रोख, घरात डब्यात ठेवलेली रोख, यूपीआय लाइटमधले (यूपीआय ॲपमध्ये छोट्या खर्चासाठी आधी पैसे टाकून ठेवायची जागा), एखादं वॉलेट असेल तर ते. आणि क्रेडिट कार्डावर आजपर्यंत किती वापरलेत तेही, ते वजा करायचे कारण ते पैसे खात्यात दिसत असले तरी तुमचे राहिलेले नाहीत. बिल आलेलं नसलं तरी कार्डाच्या ॲपमध्ये आजची बाकी दिसते, ती घ्यायची.

आकडे घालूनच सांगतो म्हणजे नीट कळेल. समजा गेल्या शनिवारी बँकेत ४१,३८० होते, रोख १,२५०, लाइटमध्ये ४२०. झाले ४३,०५०. कार्डावर ६,२०० वापरलेले, ते काढले की राहिले ३६,८५०. या शनिवारी बँकेत ३३,९०५, रोख ७४०, लाइटमध्ये ३१०, एकूण ३४,९५५, कार्डावर आता ८,१५०, म्हणजे राहिले २६,८०५. मधे कुठूनही पैसे आले नाहीत. फरक आला १०,०४५ चा. त्यातले ३,००० एसआयपीला, म्हणजे म्युच्युअल फंडाच्या हप्त्याला गेले, तो खर्च नाही, पैसे एका खिशातून दुसऱ्या खिशात गेले. म्हणजे आठवड्यात खर्च झाला ७,०४५. हा आकडा पक्का आहे, कारण तो तुमच्या आठवणीतून आलेला नाही, शिल्लकेतून आलाय.

आता तुम्ही आठवडाभर जे काही लिहिलंत त्याची बेरीज करा, समजा ती ६,४८० आली. ५६५ चा पत्ता नाही. हे ५६५ शोधायचे, आणि शोधताना आधी यूपीआय लाइट बघायचं. गेल्या आठवड्यात ४२० होते, बुधवारी १,००० टाकले, आज ३१० आहेत, म्हणजे लाइटमधून १,११० गेले आणि तुमच्याकडे लिहिलेले फक्त ७००. ४१० तिथेच सापडले. ॲपमध्ये लाइटची यादी उघडली की दिसतं, स्टेशनबाहेरचा वडापाव, दोनदा रिक्षा, मुलाला वही-पेन, कटिंग. राहिले १५५. ते सोडून द्यायचे, 'फरक' असं लिहून टाकायचे आणि वही मिटायची. एवढ्या खर्चात शे-दीडशेचा फरक चालतो, त्याच्यामागे तासभर लागलात तर पुढच्या शनिवारी वही उघडणार नाही.

लाइटचं मुद्दाम सांगितलं कारण मुंबईत राहणाऱ्याचे पैसे आता तिथूनच झिरपतात. लाइटमधून पैसे देताना पिन लागत नाही, एका वेळी हजारापर्यंत जातात आणि लाइटमध्ये पाच हजारांपर्यंत ठेवता येतात. बँकेच्या स्टेटमेंटला मात्र फक्त 'लाइटमध्ये १,००० टाकले' एवढी एकच ओळ येते, ते हजार कुठे गेले ते बँकेला दिसतच नाही. म्हणजे स्टेटमेंट बघून हिशोब करणाऱ्याला वाटतं हजाराची एक मोठी खरेदी झाली, आणि प्रत्यक्षात त्या तीसेक छोट्या गोष्टी असतात. लाइट वाईट आहे असं माझं म्हणणं अजिबात नाही, गर्दीत पटकन पैसे देता येतात, स्टेटमेंट भरून जात नाही. फक्त त्याला पाकिटासारखं वागवा, आठवड्याला एकदाच ठरलेली रक्कम टाका, ऑटो टॉप-अप बंद ठेवा. मग लाइट संपलं म्हणजे आठवड्याचा वरखर्च संपला हे आपोआप कळतं, वेगळं लिहायची गरजच उरत नाही.

दुसरी अडचण नावांची. तुम्ही लिहिलंय की स्टेटमेंट डाउनलोड केलं पण काही बोध झाला नाही. होणार कसा, भाजीवाल्याच्या गाडीवरचा क्यूआर त्याच्या मेहुण्याच्या नावावर असतो, मेडिकल दुकानाचं नाव एक आणि खातं मालकाच्या नावाने, इस्त्रीवाल्याचं आणखी कोणाचं. महिनाभराने ती नावं वाचून कोण कोण ते आठवणं शक्य नाही. याला सोपा उपाय आहे, पैसे पाठवताना खाली नोटची जागा असते तिथे एक शब्द टाका, भाजी, औषध, दूध. बऱ्याच बँकांच्या स्टेटमेंटला तो शब्द पुढे येतो, आणि नाही आला तरी यूपीआय ॲपच्या हिस्ट्रीत राहतो. प्रत्येक वेळी जमणार नाही, दोनशेच्या वरच्या रकमेला टाकलात तरी पुष्कळ झालं.

आता कुठल्या गोष्टी खर्च धरायच्या नाहीत ते बघा, कारण इथे बेरीज सगळ्यात जास्त फुगते. वॉलेटमध्ये टाकलेले, लाइटमध्ये टाकलेले, एटीएममधून काढलेले, बायकोच्या खात्यात पाठवलेले, आरडीचे, एसआयपीचे, भिशीचे, हे सगळं फक्त जागा बदलणं आहे. भिशीबद्दल एक सांगतो, दर महिन्याला भरता ते खर्चात आणि तुमचा नंबर लागल्यावर मिळतात ते उत्पन्नात असं बरेच जण लिहितात आणि मग नंबर लागला त्या महिन्यात एकदम श्रीमंत झाल्यासारखं वाटून त्याच महिन्यात ते पैसे उडतात. भिशी म्हणजे आपलेच पैसे, तिला वेगळं खातं समजा. ऑफिसात सगळ्यांचं मिळून जेवणाचं बिल १,२०० तुम्ही दिलंत आणि चौघांनी २४०-२४० परत पाठवले तर तुमचा खर्च २४० च. १,२०० खर्चात आणि ९६० उत्पन्नात असं लिहिलं तर महिन्याच्या शेवटी खर्चही खोटा आणि मिळकतही खोटी. कोणाला हातउसने दिले तर तेही वेगळे लिहा, परत यायचे आहेत.

क्रेडिट कार्डाचा घोळ याच जातीचा. कार्डाने वस्तू घेतली १० तारखेला, बिल आलं पुढच्या महिन्यात, भरलं त्याच्या शेवटी. खर्च लिहायचा तो १० तारखेला, ज्या दिवशी कार्ड वापरलं त्या दिवशी. बिल भरणं हा खर्च नाही. लोक दोन्ही वेळा लिहितात आणि खर्च दुप्पट दिसतो, किंवा फक्त बिल भरताना लिहितात आणि तोपर्यंत पुढच्या महिन्याचे पैसे आधीच वापरून झालेले असतात. तुमच्या २३ तारखेचं एक कारण मला इथेच दिसतंय. प्रश्नात लिहिलंत की कार्डाचं बिल ५ तारखेला जातं आणि त्यात साधारण १४-१५ हजार असतात. म्हणजे पगार आला की त्यातले पंधरा हजार गेल्या महिन्यात खाल्लेल्या-घातलेल्याचे असतात, तुम्ही ७० हजारावर महिना सुरू करत नाही, ५५ वर करता, आणि डोक्यात मात्र ७० असतात. आणि एक गोष्ट अगदी कळकळीने सांगतो, कधी तंगी आली तरी मिनिमम ड्यू, म्हणजे बिलातली कमीत कमी रक्कम, तेवढीच भरून बाकी पुढे ढकलू नका. कार्डाचं व्याज महिन्याला साडेतीन टक्क्याच्या आसपास असतं म्हणजे वर्षाला चाळीसच्या घरात, आणि बाकी राहिली की नव्या खरेदीवरही पहिल्या दिवसापासून व्याज लागतं, ती बिनव्याजी मुदत निघून जाते. त्यापेक्षा पतपेढीतून किंवा एफडीवर कर्ज काढलेलं परवडतं.

यानंतरचा भाग माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा, आणि खर्च लिहिणारे बहुतेक लोक तो बघतच नाहीत. आपलं उत्पन्न महिन्याला येतं पण खर्च महिन्याच्या मापाने येत नाहीत. पाइप गॅसचं बिल दोन महिन्यांनी. मेंटेनन्स तुमच्याकडे तीन महिन्यांनी. मोबाइलचा रिचार्ज २८ दिवसांचा असेल तर वर्षात १२ नाही १३ वेळा करावा लागतो, ८४ दिवसांचा असेल तर कुठल्याच महिन्याशी जुळत नाही. शाळेची फी टर्मला. लोकलचा पास तुम्ही तीन महिन्यांचा काढता, ते बरोबरच आहे, तो मासिक पासाच्या २.७ पटीत मिळतो, पण ज्या महिन्यात काढता तो महिना जड जातो आणि पुढचे दोन हलके वाटतात, आणि त्या हलक्या महिन्यात आपण हात सैल सोडतो. मग मेंटेनन्स आणि फी एकाच महिन्यात आली की 'या महिन्यात काय झालं कळत नाही' असं म्हणायची वेळ येते. काहीच झालेलं नसतं, ते येणारच होतं.

म्हणून एक कागद घ्या आणि वर्षातून एकदा-दोनदा येणारे खर्च लिहा. तुम्ही दिलेल्या माहितीवरून आणि जिथे दिली नाहीत तिथे अंदाजाने मी मांडून बघितलं. मेडिक्लेम २४ हजार, एलआयसी १८ हजार, शाळेच्या दोन टर्म मिळून ३६ हजार, गणपतीला गावी जाणं-येणं आणि तिथला खर्च १५ हजार, दिवाळी २० हजार, स्कूटरचा विमा आणि सर्व्हिसिंग ६ हजार, पावसाळ्यात छत्र्या-रेनकोट, गळतीचं काम, ताडपत्री ३ हजार. बेरीज १ लाख २२ हजार. बाराने भागा, महिन्याला १० हजारांच्या वर जातात. हे दहा हजार तुमच्या कुठल्याच महिन्याच्या हिशोबात नाहीत आणि प्रत्येक वर्षी खर्च मात्र होतातच. गणपती दर वर्षी येतात, त्यांची तारीख कॅलेंडरवर आधीच छापलेली असते, तरी दर वर्षी आपण तो खर्च अचानक आला असं धरतो.

पगाराच्या दुसऱ्या दिवशी हे दहा हजार वेगळ्या खात्यात हलवा, ज्याचं डेबिट कार्ड पाकिटात ठेवलेलं नाही आणि जे यूपीआयला जोडलेलं नाही असं. फी आली, मेडिक्लेम आला, की तिथून भरा. मेंटेनन्सही वेळेत भरा, सोसायट्यांना थकबाकीवर व्याज लावता येतं आणि कितीतरी सोसायट्या ते लावतात. पहिल्याच महिन्यात दहा निघणार नाहीत हे मला माहीत आहे. चार काढा. दिवाळीचा बोनस येतो तेव्हा त्यातला एक तुकडा थेट या खात्यात टाका, मग दोनेक वर्षांत ते खातं नीट पायावर उभं राहतं.

विभाग किती करायचे हे विचारलंत. ॲपमध्ये चाळीस दिलेले असतात, ते सगळे पुसा. घर (भाडं किंवा हप्ता, मेंटेनन्स, वीज, गॅस), किराणा-दूध-भाजी, बाहेरचं खाणं, प्रवास, मुलगा, औषधपाणी, कामाची माणसं, दोघांचा हातखर्च आणि देणंघेणं-सणवार. एवढ्यात सगळं बसतं. किराणा आणि बाहेरचं खाणं मात्र वेगळं हवंच. 'जेवणखाण' असा एकच विभाग केलात तर डाळ महाग झाली की ऑर्डर वाढल्या हे कळणार नाही, आणि दोन्हीवरचा इलाज वेगळा आहे. दहा मिनिटांत सामान आणून देणारी ॲप्स वापरता, त्यांचं सामान किराण्यात घाला पण डिलिव्हरी, हँडलिंग, छोट्या ऑर्डरचा आकार हे तीन-चार महिने वेगळं टिपा. एका वेळी वीस-पंचवीस रुपये दिसतात, महिन्याचा आकडा बघितल्यावर तुम्ही स्वतःच ऑर्डर एकत्र करायला लागाल. डी-मार्टच्या बिलाचे तुकडे करत बसू नका, त्यात कपडे किंवा भांडी अशी पाचशेच्या वरची एखादी वस्तू असेल तर तेवढीच बाजूला काढा. आणि 'किरकोळ' नावाचा विभाग करू नका, सटरफटर सगळं तिथे जाऊन बसतं आणि तोच सगळ्यात मोठा होतो.

महिनाभराचे आकडे हातात आले की लगेच 'हे कमी करा ते बंद करा' असं सुरू करू नका. आधी बघा की दर वाढलाय की वापर वाढलाय. बेस्टचं कमीत कमी भाडं मे २०२५ मध्ये साध्या बसला ५ चं १० झालं. कोणी महिन्यात २४ दिवस, दिवसाला दोनदा कमीत कमी भाड्याने जात असेल तर त्याचे २४० चे ४८० झाले, त्याने काहीही जास्त केलेलं नाही. रिक्षाचं कमीत कमी भाडं फेब्रुवारी २०२५ मध्ये २३ चं २६ झालं, रोज दोन रिक्षा धरल्या तर महिन्याला १४४ वाढले. असा वाढलेला खर्च हा तुमचा दोष नाही आणि त्यावर स्वतःला बोल लावून उपयोग नाही, तेवढी तरतूद वाढवायची. पण प्रवासाचा आकडा ९०० ने वाढला आणि त्यातले १४४ च भाडेवाढीचे असतील तर उरलेले साडेसातशे उशिरा उठण्याचे आहेत, बस सोडून रिक्षा केल्याचे आहेत, तिथे काहीतरी करता येतं. ही फोड केल्याशिवाय काटकसर केली तर ती चुकीच्या ठिकाणी होते, माणसं मुलाचं दूध कमी करतात आणि कॅब तशीच चालू राहते.

रोख पैशाचं सोपं आहे. आठवड्याला एकदाच, एकच रक्कम काढा, समजा दीड हजार. मुंबईसारख्या शहरात दुसऱ्या बँकेच्या एटीएमवर महिन्याला तीन व्यवहार मोफत असतात, आपल्या बँकेच्या पाच, त्यानंतर प्रत्येकी २३ रुपयांपर्यंत अधिक जीएसटी जातो, म्हणून पाचशे-पाचशे करत काढू नका. दूध, पेपर, इस्त्री, कामवाल्या मावशी यांचं रोज लिहू नका, महिन्याचं एकदाच लिहा. दुधाचा खाडा आणि मावशींच्या सुट्ट्या भिंतीवरच्या कालनिर्णयावर मांडायची आपल्या घरातली जुनी सवय आहे ती अजूनही सगळ्यात चांगली, फोन शोधावा लागत नाही आणि घरातल्या कोणालाही लिहिता येतं. वाण्याकडे खातं असेल तर त्याची बाकी शनिवारच्या ओळीत कार्डासारखीच वजा धरा. हे बरेच जण विसरतात, आणि एक तारखेला वाण्याने चार हजार सांगितले की डोकं धरतात.

आता घरातलं. तुम्ही लिहिलंत की हिशोबावरून वाद होतात म्हणून बायको तिचे खर्च सांगत नाही. हे खूप घरात होतं आणि यात दोघांचीही बाजू समजून घ्यायला हवी. शनिवारी वही घेऊन बसायचं आणि 'हे साडेतीनशे कशाला' असं विचारायचं, तर समोरचा माणूस पुढच्या आठवड्यात साडेतीनशे लपवणार, आणि ज्या हिशोबात घरातलं एक माणूस लपवतंय तो कधीच जुळणार नाही. म्हणून दोघांना सारखा हातखर्च ठरवा, समजा प्रत्येकी अडीच हजार, त्याचा हिशोब कोणीही मागायचा नाही, तुम्ही ऑफिसखाली चहा-सिगारेट करा किंवा ती कानातलं घेवो. वहीत एकच ओळ, हातखर्च पाच हजार. आणि शनिवारी दोघांनी मिळून बसायचं, आकडे एकाने सांगायचे दुसऱ्याने लिहायचे. त्या वीस मिनिटात गेल्या आठवड्याबद्दल फक्त फरक शोधायचा. कमी काय करायचं ते बोलणं महिन्यातून एकदा, वेगळ्या दिवशी, पोट भरलेलं असताना. मी ज्या घरांत हिशोब वर्षानुवर्षं टिकलेला बघितला तिथे जवळपास सगळीकडे दोघं मिळून बसतात. एकट्याने ठेवलेला हिशोब दुसऱ्याला चौकशीसारखा वाटतो.

आणि तिच्या ट्यूशनचे बारा हजार हा आकडा तुम्ही 'आसपास' असा लिहिलाय. मे महिन्यात किती येतात? सुट्टीत ट्यूशन बंद असेल तर वर्षाची बेरीज करून बाराने भागा, तेवढंच महिन्याचं उत्पन्न धरा, नाहीतर एप्रिल-मेला दर वर्षी खड्डा पडणार.

आता ॲप. एसएमएस वाचून आपोआप हिशोब लावणारी ॲप्स असतात, पण काही बँकांनी छोट्या यूपीआय व्यवहाराचे एसएमएस पाठवणंच बंद केलंय, आणि लाइटचे व्यवहार तर असेही वेगळे. म्हणजे नेमके झिरपणारे खर्चच त्यात येत नाहीत आणि आकडा कमी दिसतो. शिवाय सगळे एसएमएस वाचायची परवानगी म्हणजे त्यात ओटीपीही आले. जे ॲप हिशोबाच्या नावाखाली 'तुम्हाला दोन लाखांचं कर्ज मंजूर' असं दाखवायला लागतं ते त्याच दिवशी काढून टाका, त्याला तुमचा खर्च कमी होण्यात रस नाही. मी घरांना साधी गुगल शीट करून देतो, दोघांच्या फोनवर एकच फाइल उघडते. एका पानावर शनिवारच्या शिल्लका, दुसऱ्यावर खर्च, चारच रकाने, तारीख, रक्कम, विभाग, शेरा. विभागवार बेरीज सम-इफ (SUMIF) या सूत्राने आपोआप येते. ज्यांना पुस्तकासारखं पक्कं दुहेरी नोंदीचं हवंय त्यांच्यासाठी ग्नूकॅश (GnuCash) नावाचं सॉफ्टवेअर आहे, मोफत आहे, चांगलं आहे, पण कॉम्प्युटरवर बसावं लागतं आणि पहिले दोन महिने डेबिट-क्रेडिट समजण्यात जातात. तुम्हाला त्याची गरज नाही. वही घेतलीत तरी माझी काही हरकत नाही, फक्त शिल्लकेची ओळ हवी.

एक काम आज रात्रीच करा. यूपीआय ॲपमध्ये ऑटोपे किंवा मँडेट (आपोआप पैसे कापायला दिलेली परवानगी) असा भाग असतो तो उघडा, आणि कार्डाच्या ॲपमध्येही तसाच बघा. कधीतरी एक रुपयात ट्रायल घेतलेलं, मॅच बघायला घेतलेलं, मुलाच्या गेमचं, असं काय काय चालू असतं. १५ हजारांपर्यंतचा हप्ता एकदा परवानगी दिली की दर वेळी पिन किंवा ओटीपी न विचारता जातो, २४ तास आधी मेसेज येतो पण तो जाहिरातींच्या ढिगात कोण वाचतो. लागत नाहीत ते तिथेच रद्द करा. फोनमधून ॲप काढून टाकलं म्हणजे मँडेट रद्द होत नाही, हे लक्षात ठेवा.

रोजचं लिहिणं किती दिवस करायचं, तर एक पूर्ण वर्ष, गणपती ते गणपती म्हणा, म्हणजे सगळे सण, फी, पावसाळा, सुट्टी एकदा हिशोबात येऊन जाते. मधे एखादा शनिवार चुकला तर मागचं आठवून भरत बसू नका, त्या दिवशीची शिल्लक लिहा, दोन आठवड्यांचा मिळून खर्च काढा, जेवढं सापडत नाही तेवढं 'फरक' म्हणून टाका आणि पुढे चला. वर्षानंतर बारीकसारीक लिहिणं सोडलंत तरी चालेल, घर, किराणा आणि बाहेरचं खाणं एवढे तीन ठेवा. शिल्लकेची ओळ मात्र महिन्याच्या एक तारखेला लिहीत राहा. आणि दर तीन महिन्यांनी बँकेचं स्टेटमेंट डाउनलोड करून एका फोल्डरला ठेवा, ॲपमध्ये जुनं फार मागे जाऊन बघता येत नाही आणि शाळेशी किंवा सोसायटीशी कधी भरल्या न भरल्याचा प्रश्न आला तर तेच कामाला येतं.

या शनिवारी पहिली ओळ लिहा, फक्त शिल्लका, खर्च एकही लिहू नका. पुढच्या शनिवारी दुसरी ओळ आली की दोन्ही इथे टाका, कार्डाची बाकी आणि वाण्याची बाकी धरून. मग तुमचा आठवडा नक्की कितीचा आहे ते बघू आणि दहा हजारांच्या खात्यात पहिल्या महिन्यात किती बसतात ते त्यावरून ठरवू.